कूलर बंद ठेवणाऱ्या बाई

माझी पत्रकं पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारं एकच माणूस मला आजवर भेटलं. त्या बाई. वाचून झालं की त्या पत्रकाची टरबुजं कापायच्या.

पुलगावात एका गल्लीच्या तोंडाशी त्यांचं रेडियमचं दुकान होतं. मोटरसायकलच्या प्लेटवरचे आकडे, ऑटोच्या काचेवरची देवांची नावं, ट्रॅक्टरमागचे वाघ चमकत्या कागदातून कापून देणारी दुकानं आपल्याकडे गावोगावी आहेत, तसंच एक. टेबलावर मावेल एवढं कटिंग मशीन. कॉम्प्युटरवर आकृती काढायची, जाड कागद चिकट मॅटवर दाबून बसवायचा, मॅट मशीनमध्ये सारायची. मग तांदळाच्या कणीएवढं पातं त्या रेघांवरून फिरत जातं. पातं किती खोल जातंय हे बघायला आधी रद्दी कागदावर चाचणी घ्यावी लागते. ती रद्दी म्हणजे आमच्या संघटनेची उरलेली पत्रकं. सालीवर 'जाहीर' आणि गरात 'निषेध' असं टरबूज मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

"बाई, ते पत्रक आहे."

"वाचलं म्या. सारं वाचलं. धिक्कार तीनदा आला, निषेध दोनदा, अन् पाण्याचा माठ कुठं ठेवाचा थे एकदाई नाई आलं."

मला राग आला. मला राग लवकर येतो आणि त्याची मला लाज नाही. पण नंतर घरी जाऊन मोजलं. धिक्कार तीनदाच होता.

गावातले सगळे त्यांना बाई म्हणत, कारण त्या आधी शाळेत होत्या. कार्यानुभव शिकवायच्या. ज्या विषयाचा तास हटकून गणिताच्या सरांना देऊन टाकतात, तो विषय. वर्षानुवर्षं त्यांचा तास दुसऱ्यानं घेतला आणि त्यांनी एकदाही तक्रार केली नाही, हे ऐकून मी पेटले होते. यावर पत्रक काढू, म्हटलं. बाई म्हणाल्या, "गणित शिकले ना पोट्टे? मंग? तू कापाले बस." शाळेतली एक सवय मात्र सुटली नव्हती. प्रत्येक कार्डाच्या मागे पेन्सिलीनं दहापैकी गुण लिहायच्या. स्वतःच्या कार्डांनाही. दहा कोणालाच नाहीत. त्यांच्या हातचं सगळ्यात सुंदर कार्ड मी पाहिलं, बहाव्याचे पिवळे घोस उघडताच खाली लोंबायचे, त्याच्यामागे साडेसात होते.

आणि बाई कार्डं करायच्या ती फक्त उन्हाळ्याची.

दिवाळीचं नाही, नव्या वर्षाचं नाही, लग्नाचं तर विचारूच नका. पावसाळा-हिवाळाभर नंबरप्लेटी. होळी झाली की दुकानाच्या काचेवर उन्हाळा लागायचा: पळसाची फुलं, कैऱ्या, माठ, टरबुजाच्या फोडीच्या आकाराच्या पेट्या. एक कार्ड उघडलं की आत अख्खा कूलर उभा राहायचा आणि त्याच्या कापलेल्या जाळीत खऱ्या वाळ्याच्या दोन काड्या खोचलेल्या असायच्या. वास यायचा. विकत कोणी घेत नसे. बाई वाटायच्या. लाईनमनला, पोस्टमनला, चौकातल्या ट्रॅफिकच्या पोलिसाला. लाईनमनला दरवर्षी एक खास पेटी मिळायची, बरोबर एक कांदा बसेल एवढी. झाकणावर कापलेलं: 'खिशात ठेवा.' लू, म्हणजे उन्हाळ्यातला तापलेला वारा, लागू नये म्हणून आपल्याकडे खिशात कांदा ठेवतात. तो बिचारा खांबावर चढताना पेटी काढून खाली ठेवायचा आणि उतरून पुन्हा खिशात घालायचा, कारण बाई दुकानातून बघत असायच्या.

"बाई, उन्हाळ्याच्या शुभेच्छा कोण देतं?" मी एकदा विचारलं.

"दिवाळीत सारेच एकमेकाईले इचारतात बापा. मे महिन्यात कोन कोनाले इचारते? सारे आपापल्या कूलरपुढं."

एकदा एक तरुण मुलगा हृदयाच्या आकाराचं कार्ड मागायला आला. बाईंनी दोन कैऱ्या कापून त्याच्या हातावर ठेवल्या. "एकमेकीले टेकवून चिपकव. झालं तुयं दिल. तिनं नाई म्हटलं तं चटणी कर." तो हसत गेला. त्या हसल्या नव्हत्या. त्या गंभीरपणे सांगत होत्या.

कार्ड तयार झालं की दुकानाच्या टिनाच्या छपरावर ते एक दुपार ठेवायचं, हा नियम. संध्याकाळी रंग विटला, टेप सुटला, कडा वळल्या की नापास. दोन्ही बाजूंनी चिकटणारा टेप आपल्या मे महिन्यात टिकत नाही, हे त्यांनी असंच शोधलं. मग बाभळीचा डिंक भिजवून त्यावर काम. डिंकाची वाटी आणि पिण्याचा माठ, दोन्ही दुकानाच्या पायरीवर. आत पाण्याचा थेंब चालायचा नाही.

आणि आत कूलर बंद.

हे आपल्या भागाबाहेरच्या माणसाला कळणार नाही. वर्धा जिल्ह्यात एप्रिलनंतर माणूस जिवंत आहे की नाही हे कूलरच्या आवाजावरून ओळखतात. बाईंकडे कूलर होता, चांगला मोठा, आणि मशीन सुरू असलं की तो बंद. कारण कूलरच्या ओल्या हवेनं कागद मऊ पडतो आणि मऊ कागद पात्याखाली फाटतो. पंखाही बंद, कारण कापलेले तुकडे उडतात. गिऱ्हाईक आत यायचं आणि उंबऱ्यातच थबकायचं.

"बाई, कूलर बिघडला काय?"

"नाई. कूलरनं कागद बिघडते."

मी त्या काळात उन्हात काम करणाऱ्यांसाठी जिल्हाभर पत्रकं वाटत फिरत होते. अल्लीपूरपासून आष्टीपर्यंत. 'घाम येणे थांबले तर समजा धोका', हे वाक्य मी स्वतः लिहिलं होतं, जाड टायपात. आणि इथे ही बाई आपण होऊन भट्टीत बसलेली. मी म्हटलं, "हा अत्याचार आहे."

"कोनाचा?"

"तुमचाच. तुमच्यावर."

"मंग काढ माह्याविरुद्ध पत्रक. पन कागद जाड घेजो."

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. बाई वेड्या नव्हत्या. मशीन सकाळी सहाला सुरू आणि अकराच्या ठोक्याला बंद. अकरा वाजले की मशीनवर चादर टाकायच्या, डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळायच्या आणि घरी. हा नियम त्यांनी फक्त एकदा मोडला. तो माझ्यामुळे.

झालं असं. पुलगावच्या बाहेरच्या बाजूला एका व्यापाऱ्याचं धान्याचं गोदाम आहे. नाव लिहीत नाही; त्याला सगळे शेठ म्हणतात. गोदामापुढच्या सिमेंटच्या अंगणात बत्तीस बायका तूर-हरभरा चाळायच्या. सकाळपासून संध्याकाळपर्यंत, वर काही नाही. त्या उन्हाळ्यात त्यांच्यातली एक चाळणीसकट पडली. तिला उचलून नेलं, ती वाचली, आणि दुसऱ्या दिवशी चाळणी तिच्या शेजारणीच्या हातात दिली गेली. आमच्या मागण्या तीनच होत्या: बारा ते चार सुट्टी, अंगणावर सावली, प्यायला गार पाणी. मी चार वेळा निवेदन दिलं. शेठ निवेदन दोन्ही हातांनी घ्यायचे, कपाळाला लावायचे आणि चौकीदाराकडे द्यायचे.

मी ठरवलं की आता गोदामाच्या भिंतीवरच लिहायचं. मोठाल्या अक्षरांचे साचे कापून हवेत म्हणून बायकांच्या पुढारी रेखाताईंना घेऊन बाईंकडे गेले.

बाईंनी माझ्याकडे बघितलंच नाही. रेखाताईंना विचारलं, "तुमी जेवता कुठं?"

"फाटकाच्या बाहीर. भित्तीले टेकून."

"बारा वाजता भित्तीची सावली कुठं राह्यते?"

रेखाताई हसल्या. "सावली कायची बाई. चपलीखाली गेलेली राह्यते."

"मंग त्या शेठले तिथं जेवाले बोलवा."

मला वाटलं, उन्हानं बाईंच्या डोक्यावर परिणाम झाला. "तो येणार आहे का?"

"एकट्याले बोलावलं तं नाई येनार. त्याच्या बायकोले बोलाव. त्याच्या डॉक्टरले, शेजाऱ्याले, ज्याच्याशी धंदा करते त्याले. बत्तीस बायका हायेत ना? एकीनं एक घर करा. हाती पेटी द्या, कुंकू लावा, रीतसर आमंत्रन द्या. निवेदनाची पोच देते मानूस. आमंत्रनाले त्याले पाय घेऊन या लागते."

मी विरोध केला. हे लाचारीचं आहे, म्हटलं. हक्क मागायचा तर फुलं-पानं कापून मागायचा का? बाईंनी ऐकून घेतलं आणि रेखाताईंना विचारलं, "तुमाले काय वाटते?" रेखाताई म्हणाल्या, "भित्तीवर लिवलं तं आमालेच धुवाले लावन थो." विषय संपला.

मग मजकुरावरून भांडण. मला झाकणाच्या आत तिन्ही मागण्या हव्या होत्या. बाईंनी एकच मजकूर ठेवला: 'शनिवारी दुपारी बारा वाजता आमच्यासोबत जेवायला या. जागा: गोदामाच्या फाटकाबाहेर, आम्ही रोज जेवतो तिथे.' आत गुळाचा खडा आणि वाळ्याची काडी. झाकणावर बहावा. "निषेध कुठे आहे?" मी विचारलं. "शेवटच्या चार शब्दाईत," बाई म्हणाल्या.

गोदाम बाजाराच्या दिवशी बंद असायचं. बत्तीस जणी घरोघर जाऊ शकतील असा तो एकच दिवस, आणि तो दुसऱ्या दिवसावर आला होता. आदल्या सकाळी बाईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं; दुकान त्यांनी माझ्यावर सोपवलं. आकृती कॉम्प्युटरवर तयार होती. "मी येईपर्यंत हात लावू नको," असं त्या म्हणाल्या असत्या तर मी लावला नसता. त्या काही म्हणाल्या नाहीत. मी लावला.

आकृतीत लाल आणि निळ्या रेघा होत्या. मी सगळ्या रेघा निवडल्या आणि पूर्ण काप दिला. मशीन सुसाट. एकामागून एक कागद. मला वाटलं, एवढंसं काम आणि बाई उगाच त्याचं स्तोम माजवतात. तुकडे मॅटवरून सोलून पिशवीत टाकत गेले. पेटी हे सुटे भाग चिकटवून करतात असा माझा समज होता. ती सलग एका कागदाची असते, आणि निळी रेघ घडीची असते, तिथे पात्यानं नुसते बारीक टाके मारायचे असतात, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. खरं म्हणजे मी कधी विचारलं नव्हतं. वर्षभर त्या दुकानात मी बोलायला जात होते.

अकराच्या सुमाराला बाई आल्या. पिशवीत हात घातला. एक भिंत काढली, एक झाकण काढलं, एक तळ. जोडून बघितले. पुन्हा पिशवीत ठेवले.

"कागद किती उरला?"

"आहे. पुरेल."

"बस मंग."

मी मशीनवर चादर टाकली. "बाई, अकरा वाजले. चारनंतर बसू."

"उजेड उतरला का मले बारीक दिसत नाई."

"मग मी करते. तुम्ही नुसतं सांगा."

"तूच केलं ना सकाळी," बाई म्हणाल्या आणि मशीनवरची चादर काढली.

त्या दिवशी बाहेर काय ऊन होतं ते सांगत नाही. या जिल्ह्यातल्या माणसाला सांगायची गरज नाही. आत कूलर बंद, पंखा बंद, दार अर्धं ओढलेलं. बाई रेघा तपासायच्या, कागद दाबून बसवायच्या, मी घड्या घालायचे आणि डिंक लावायचे. दोनदा मी पायरीवर जाऊन पाणी प्याले. बाई उठल्या नाहीत. त्यांचा हात कागदावर होता आणि ओला हात त्यांना कागदाला लावायचा नव्हता. मी घामानं निथळत होते, दोन झाकणांवर माझ्या बोटांचे डाग पडले.

तीनच्या पुढे बाई एकदा आपला तळहात बघून म्हणाल्या, "माह्या हाताले घाम यायचा बंद झाला. बरं झालं. कागद कोरडा राह्यते."

"बरं झालं," मी म्हटलं.

मी. जिने ते वाक्य जाड टायपात छापलं होतं.

सुट्टी नाही, हवा नाही, पाणी दाराबाहेर. शेठच्या अंगणात जे चाललं होतं ते सगळं मी त्या दहा बाय दहाच्या दुकानात करून घेतलं, आणि तेही चांगल्या कामासाठी म्हणून. शेठलाही त्याचं काम चांगलंच वाटत असणार.

बत्तिसावी पेटी झाली तेव्हा पाच वाजत आले होते. बाई उठल्या, टेबल धरलं, मला शाळेतल्या कुठल्यातरी मुलीच्या नावानं हाक मारली आणि खाली बसल्या. अंग तव्यासारखं आणि कोरडं. मी कूलर लावला, माठ आणून अंगावर रिकामा केला, शेजारच्या दुकानदारानं गाडी काढली. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "दुपारी कुठं होत्या ह्या?" मी म्हटलं, "माझ्यासोबत."

दुसऱ्या दिवशी बत्तीस जणींनी पेट्या वाटल्या. मी दवाखान्यात होते. बाई शुद्धीवर होत्या पण बोलत नव्हत्या.

शनिवारी बारा वाजता फाटकाबाहेर बायका रांगेनं बसल्या. भाकरी, झुणका, कांदा. साडेबारापर्यंत अकरा पाहुणे आले. मला तीनसुद्धा वाटले नव्हते. शेठच्या बायको आल्या, हातात आमरसाचा डबा, कारण आमंत्रणाला रिकाम्या हातानं कोण जातं? शेठ त्यांच्या मागून आले आणि गाडीच्या सावलीत उभे राहिले.

पंगतीला बसायचं म्हणून शेठच्या बायकोनं सवयीनं चपला काढल्या आणि पाय जमिनीवर ठेवला. लगेच उचलला. दुसऱ्या पायाच्या चपलेवर तो ठेवून बगळ्यासारख्या उभ्या राहिल्या. कोणी हसलं नाही. रेखाताईंनी बसायला बारदाना टाकला. "बसा ताई. सवय नाई तुमाले. आमचं तं कातडं झालं."

त्या बसल्या. दोन घास खाल्ले. मग गाडीकडे बघून म्हणाल्या, "इकडं या. चपला काढून बसा."

"तू जेव ना," शेठ म्हणाले.

"आमंत्रन तुमालेबी हाय. चपला काढा."

डॉक्टर बघत होते, शेजारी बघत होता, माल घेणारे दोन व्यापारी बघत होते. शेठनं चपला काढल्या. बारदान्यापर्यंत पाच पावलं होती. पाचवं पाऊल त्यांनी उडी मारून टाकलं. या वेळी मात्र सगळे हसले, शेठही.

मी खिशात भाषण घेऊन गेले होते. ते मी केलं नाही. जागाच नव्हती भाषणाला. सगळे जेवत होते.

आठवड्याच्या आत अंगणावर हिरवी जाळी लागली आणि दोन रांजण आले. बारा ते चारची सुट्टी आली नाही. "पुढच्या हंगामात पाहू," शेठ म्हणाले. मी दवाखान्यात जाऊन बाईंना सांगितलं: अकरा जण आले, जाळी लागली, रांजण आले. त्यांना आवडेल म्हणून चपलांचं सगळं रंगवून सांगितलं. बाईंनी ऐकलं.

"अन् सुट्टी?"

"पुढच्या हंगामात."

"मंग मले काऊन सांगून राह्यली? तिकडं जाय."

डॉक्टरांनी दुकान बंद करायला लावलं. आष्टीची भाची येऊन त्यांना घेऊन गेली, मशीनसकट. दुकानात आता मोबाईलचे कव्हर मिळतात आणि दिवसभर एसी चालतो. बाई निघाल्या तेव्हा मी माफी मागितली होती. बाईंनी भाचीला हाक मारली, "थे मॅट आडवी नोको ठेवू गाडीत, उभी ठेव." एवढंच.

पुढचा हंगाम म्हणजे या वर्षीचा. आम्ही वर्षभर फाटकाशी जात राहिलो, रेखाताई बोलत राहिल्या, मी पत्रकं छोटी केली. एप्रिलमध्ये फाटकावर पाटी लागली: दुपारी बारा ते चार काम बंद. पहिल्या दिवशी मला खरं वाटेना, म्हणून मी पाऊण वाजता स्वतः बघायला गेले. अंगण रिकामं होतं. चाळण्या उपड्या. बायका जाळीखाली भिंतीशी आडव्या झाल्या होत्या, दोघी-तिघी घोरत होत्या. मी रस्त्यावरूनच आष्टीला फोन लावला.

"बाई, सुट्टी लागली."

"पाटी पाह्यली का मानसं पाह्यली?"

"माणसं पाहिली. झोपल्यात."

"साऱ्या?"

"साऱ्या."

मग बाई म्हणाल्या, "तुह्या फोनात लू वाजून राह्यली. तू कुठं उभी हायेस?"

"रस्त्यावर."

"सावलीत जाय, बस. पानी पेजो. मंग सांग."

मी जाळीखाली गेले. रेखाताईंनी डोळे न उघडता पाय आखडून जागा करून दिली.